खिडकीतला कूलर

आर्वी, डिसेंबरातला सोमवार

मैत्रिणीच्या आईचं, काकूंचं घर मीच आखलेलं. आज बऱ्याच दिवसांनी गेले. बैठकीत उत्तरेला मोठी खिडकी मुद्दाम दिली होती. ऊन येऊ नये, उजेड दिवसभर यावा. काकू भरदुपारी ट्यूबलाईट लावून तांदूळ निवडत बसलेल्या. खिडकीत कूलर. या थंडीत.

“काकू, काऊन नाई काढला?”

“काढून ठेवू कुठी? तुनं त्याले जागाच नाई ठेवली.”

खरंच. माझ्या नकाशात खिडकी होती, कूलर नव्हता. इथे वाढलेल्या मुलीला उन्हाळा आठवू नये? पुढच्या घरात आधी कूलरची जागा आखायची, मग खिडकी.

चिडूनच घरी आले. अजून दिवस मावळायचाय, तरी हे ट्यूबलाईटखाली लिहितेय. माझ्या खिडकीतही कूलरच आहे.