तुहा चाटू मी तोडला

माय, तुले होती तशीच गाठ मले आली आहे छातीत, डाव्याच बाजूले. अजून कोणाले सांगितलं नाही. तू मेलेली, तुले सांगून काही फायदा नाही, म्हणून पयले तुलेच.

सकाळी लाकडी चाटूनं कुरडयांचा चीक हाटून राहिली होती. तुही नात, माही पोरगी, कॉलेजात औषधं शिकवते ती, ओट्याले टेकून उभी. तिले म्हटलं, ते कॅन्सरचं तुमी काय बनवून राहिले, मले समजेल असं सांग. म्हणे, चिकासारखाच गोळा, पण डोळ्याले न दिसणारा, पोटात औषध भरलेला. प्रोटीनच्या बारक्या तुकड्यांची माळ असते, तिले पेप्टाइड म्हणतात, त्या माळांचा गोळा विणायचा. पाण्याले टाळणारे तुकडे जास्त झाले की एकमेकाले चिकटतात, गोळा आवळतो, औषध आतच कोंडते. एकाच जातीच्या विजेचे तुकडे जास्त झाले की एकमेकाले ढकलतात, गोळा फुगतो, औषध रस्त्यातच सांडते. सध्या त्यांच्या गोळ्यातून औषध सांडूनच राहिलं.

सांडते म्हटल्यावर मले तुह्या वेळचा अकोल्याचा दवाखाना दिसला. सुई शिरेतून सरकते, औषध मांसात जाते, तुहा दंड काळा पडून फाटते. दुसऱ्या हातानं तू नर्सले थापड हाणली, मले केसाले धरून खाटेवर आपटलं. "घरी ने मले, रांडे, नाहीतर हीच सुई तुह्या डोळ्यात खुपशीन." नेलं घरी. होळी नाही पाहिली तू.

नातीले विचारलं, हे माणसाले कधी? म्हणे, कुठचं, अजून प्रयोगाच्या काचेच्या नळीतच आहे. ज्याले आज गाठ आहे त्यानं आजचीच सुई घ्यावी, वाट पाहू नये. मग थांबली. "काहून विचारून राहिली तू?"

तेवढ्यात चिकात गुठळ्या झाल्या. लहानपणी माह्या हातून झाल्या तेव्हा तू उकळत्या चिकातला चाटू माह्या मानेवर ठेवला होता, डाग अजून आहे. पोरगी चाटू घ्याले पुढे आली अन् चाटूसकट माहा हात वर गेला, नेमका तिच्या मानेच्या वर. चीक टपकून राहिला. ती हलली नाही.

"मार," म्हणे. "पण आधी सांग."

मी चाटू ओट्यावर आपटला. तुहाच होता, दोन तुकडे झाले. तिले म्हटलं, जा इथून.

गेली नाही. बाहेरच्या खोलीत बसून आहे, कॉलेजची बॅग खुंटीवरच. आता हाक मारली मी तिले, उठून राहिली. सगळं सांगीन. फक्त मले सुईचं भेव वाटते माय, तेवढं तिले नाही सांगणार.