जगाच्या पोरांची आत्या

ता. ३ जून

चि. ठिणगीस,
आत्याचा आशीर्वाद. वि. वि. विशेष काही नाही, थेट मुद्दा आहे.

फोनवर आपलं जमत नाही. मी आवाज चढवते, तू फोन आपटतेस. पत्र कितीही आपटलंस तरी माझं बोलणं पुरं होतं, म्हणून हा उपद्व्याप. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. सातवीत शाळा सोडली तेव्हाही गुरुजी अंदाजानेच वाचायचे.

बातमी अशी की मला बक्षीस देतायत. दारोदार हिंडून, आयांच्या मागे लागून पोरांना लस टोचून घ्यायला लावते म्हणून. हे काय कौतुकाचं काम झालं? पण साहेबांनी डोक्यात घेतलंय. सभागृह, हार, फोटो. फोटोत मी हसायचं की नाही यावर ऑफिसात चर्चा झाली, आणि माझे दात बघून नाही असं ठरलं. चपला बघून साहेब नुसतेच खोकले. नव्या घेतल्यात. चावतात.

आता मुद्दा. तुझ्या बाळाला, माझ्या गाठोड्याला, पहिली सुई दिल्यावर ताप आला आणि तू तिथंच थांबलीस. आता ते नऊ महिन्यांचं झालं. तुझ्या मागच्या गल्लीत गोवर निघालाय, असं तुझा बाप म्हणतो. उद्याच्या उद्या उठायचं, दवाखान्यात जायचं, राहिलेलं सगळं टोचून यायचं. मी जगाच्या पोरांमागे धावते आणि माझ्याच भाचीचं पोर कोरडं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या स्टेजवर कुठल्या तोंडाने चढू?

गाठोड्याचा मुका. तुला नाही. टोचल्यावर बघू.
तुझी आत्या

ता. ९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझे दात, तुझ्या चपला, तुझं स्टेज, तुझं तोंड, सगळं कळलं. माझं बाळ चार ओळींत, तेही हुकुमासकट.

त्या दिवशी काय झालं ते तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून लिहिते. हे गावाला गेले होते. बाळ तापलं, रडरड रडलं, मग इतकं गाढ झोपलं की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास बोटाला लागतो की नाही तेच कळेना. तेवढ्यात तुझा फोन आला. तू म्हणालीस, ताप आला म्हणजे लस लागू पडली, रडतेस काय बावळटासारखी. आणि ठेवलास. म्हणजे फोन नेहमी मीच आपटते असं काही नाही.

गोवराचं मला ठाऊक आहे. खिडकी लावून बसते. बाळाला खाली नेत नाही. पण दवाखान्याच्या दारापर्यंत गेले की ते बोट आठवतं आणि पाय वळतात. दोनदा असं झालं.

एक विचारू? तुमच्या तिकडच्या बायकांवरही तू अशीच खेकसतेस का? तसं असेल तर बक्षीस त्या बायकांना द्यायला हवं.

बाबांना नमस्कार सांग. लोभ असावा, पण थोडा लांबून.
तुझी बावळट भाची

ता. १४ जून

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. ह्या खेपेला बिनशर्त.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून. दुसऱ्यांदा जास्त लागलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. नाही, तिकडे मी खेकसत नाही. तिकडे मी साखरेची आहे. पहिल्या फेरीला लसीचं नावसुद्धा काढायचं नाही, ही माझी रीत. दारात उभं राहून पाणी मागायचं. पाणी प्यायला बसवतात, मग आपण बसायचं. पोराकडे बघायचं नाही, आईला विचारायचं, तुझी झोप होते का गं? दुसऱ्या फेरीला विचारायचं, भीती कशाची वाटते, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं म्हणजे मला जन्मठेप. जीभ दाताखाली धरून बसते. पण बाई बोलते. कुणाच्या नवऱ्याने काय ऐकलेलं असतं, कुणाची सासू काय म्हणालेली असते. सगळं बाहेर आलं की मग माझी पाळी.

आणि तुझ्याकडे? पाणी नाही, बसणं नाही, सरळ हुकूम. घरचं माणूस म्हटलं की मला वाटतं त्याला विचारायचं काय, ते आपलंच आहे. असली मी अक्कलवान, आणि मला म्हणे हार घालतायत.

तुझी भीती खोटी नव्हती. ताप येतो. त्यावर काय द्यायचं, कधी डॉक्टरांकडे धावायचं, हे तुला तिथंच बसवून कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, आणि फोनवर ते माझं काम होतं. पण खिडकी लावून गोवर थांबत नाही गं. गोवराने गेलेलं मूल मी पाहिलंय. हे मी कुठल्याच दारात सांगत नाही, घाबरवून टोचलेलं टिकत नाही. तुला सांगते, कारण मीही घाबरलेय.

येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही. पिशवी भरलेली आहे, तो भाग वेगळा.
आत्या

ता. २२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. पिशवी रिकामी कर. कारण सांगते.

परवा दुपारी दार वाजलं. आमच्या भागातली लसवाली, उन्हाने लाल झालेली. म्हणाली, जरा पाणी मिळेल का. मी पाणी दिलं आणि मनात म्हटलं, चला, आली आत्याची रीत! ती बसली. आता विचारेल म्हणून मी वाट बघतेय, तर ती आमच्या जिन्याला शिव्या देऊन, पेला खाली ठेवून चालती झाली. मलाच राहवेना. बाळाला काखोटीला मारून जिन्यात गाठलं आणि सगळं ओकले. ताप, बोट, दवाखान्याचं दार, तू.

ती पायरीवर बसून ऐकत राहिली. ताप पुन्हा येऊ शकतो, ती म्हणाली. येणार नाही असं नाही म्हणाली, तिथंच मला ती पटली. औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घेऊ, आणि संध्याकाळी मी स्वतः बघायला येते, म्हणाली.

काल राहिलेला डोस आणि गोवराचा, दोन्ही झाले. तुझं गाठोडं अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं केकाटलं. संध्याकाळी ताप आला. ती पण आली. कपाळाला हात लावला, माझ्याही, आणि गेली. आज ते रांगत जाऊन पायपुसणं चघळतंय.

तिला विचारलं, तुम्हाला कुणी बक्षीस देतं का. हसली. म्हणाली, दार उघडलं तरी पुष्कळ.

आता स्टेजवर खुशाल चढ. लोभ आहे, जवळूनच.
तुझी भाची

ता. २९ जून

चि. ठिणगीस,
आशीर्वाद, मुका, दोन्ही. गाठोड्याला जास्त.

तुझं पत्र वाचून मी रडले असं तुझा बाप सांगेल. त्याला मोतीबिंदू आहे, विश्वास ठेवू नकोस.

समारंभ झाला. हाराने मान खाजली. साहेब माझ्यावर इतकं बोलले की मला वाटलं मी वारले. मग माइक माझ्यापुढे. लिहून दिलेलं भाषण चष्म्याशिवाय दिसेना. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या भाचीने माझं ऐकलं नाही, दुसऱ्या गावच्या लसवालीचं ऐकलं, तेव्हा अर्धा हार तिकडे पाठवा. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. साहेबांना तो विनय वाटला. विनय कसला, हकीकत होती.

पण बक्षिसाने घोटाळा केला. आमच्याकडे नवं बिऱ्हाड आलंय, तान्हं पोर आहे. काल पाणी मागायला गेले, तर बाई दार अर्धवट धरून उभी. पेपरात माझा फोटो पाहिलेला. म्हणाली, तुम्ही मोठी माणसं, तुम्ही म्हणाल तसं करू. आणि बघत राहिली माझ्या पायांकडे. असं म्हणणारी टोचायला कधीच येत नाही, मला ठाऊक आहे. ना पाणी, ना बस म्हणाली. माझी सगळी रीत त्या फोटोने धुऊन नेली.

मग मी म्हटलं, अगं मोठी कसली, माझ्या भाचीनेच मला फोनवरून हाकलून दिलं. तिचं पोर तापलं होतं आणि मी तिला बावळट म्हणाले.

तिने मान वर केली. विचारलं, मग तिचं पोर कसं आहे आता?

दार सबंध उघडलं होतं. आत जाऊन बसले.

लोभ आहेच, तो वाढवत बसू नकोस. गाठोड्याचं वजन वाढव.
तुझीच,
आत्या