पहिला नागरिक

आइंडहोवन,
१४ फेब्रुवारी २०२१

ललिताताई,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे बरे असाल. कालवा गोठलाय, पोरं त्यावर घसरतायत. माझा खोकला गेला. वास मात्र परतला नाही. परवा फोडणी करपली ती अवनी ओरडल्यावर कळली. जानेवारीत तुम्ही दाराबाहेर ठेवलेल्या खिचडीचा डबा धुऊन ठेवलाय. परत करायला यायचा धीर होत नाही.

मंडळाच्या डिसेंबरच्या सभेत तुमचा आवाज मध्येच गेला. झूमचं काही खरं नसतं. मग तुमचा राजीनामा आला, आणि तरीही तो डबा आला.

अवनीची शाळा घरूनच चालते. लॅटिनच्या तासाला सध्या रोम आहे. ऑगस्टसनं प्रजासत्ताक संपवलं, पण पाटी एकही बदलली नाही म्हणे. सिनेट तीच, निवडणुकाही चालूच. सत्ता तेवढी एकट्याच्या हाती. एकदा तर सिनेटपुढे म्हणाला, घ्या तुमचे अधिकार परत. सगळ्यांनी गळ घातली आणि हा राहिला. राजा नाही, स्वतःला पहिला नागरिक म्हणवायचा.

जेवताना अवनी म्हणाली, "बाबा, लाइक यू. यू टोल्ड सतीशकाका व्हॉट टू से."

पोरीनं फोन ऐकला होता.

हो, सभेच्या आदल्या दिवशी चिटणीस सतीशला मीच पढवलं. मी अध्यक्षपद सोडतो म्हणेन, तू आग्रह कर. एप्रिलमध्ये 'कोरोना आहे, सहाच महिने राहतो' म्हणालो होतो, तेव्हा ते मनापासून होतं. पुढे खुर्ची सुटेना. डिसेंबरच्या सभेत सगळे 'राहा, राहा' म्हणत होते आणि तुम्ही, तुम्हीच लिहिलेल्या मंडळाच्या घटनेतलं पाचवं कलम वाचायला लागलात: दरवर्षी निवडणूक, सबब चालणार नाही.

नेट ठणठणीत होतं, ताई. होस्ट मी होतो, म्यूट मी केलं. चाळीस जणांसमोर तुमचे ओठ हलत राहिले आणि मी म्हणालो, "ताईंचं नेट गेलंय." मला माझी फार लाज वाटते.

येत्या रविवारी सभा आहे. विषय एकच, निवडणूक. मी उभा नाही. होस्ट तुम्ही आहात. झालेलं सगळं मी सभेत सांगणार आहे, पण आधी पाचवं कलम पूर्ण वाचा. तोवर माझा माइक बंद ठेवा. नंतर चालू करायचा का, तेही तुम्हीच ठरवा.

राजीनामा मागे घ्या असं म्हणायचा मला हक्क नाही. विनंती करतो.

आपला,
श्रीनिवास
(अनेक सभासदांतला एक)