क्यामेऱ्यातला अर्धा रोल

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार

चीन पाहा म्हणे, चीन! सारा गाव विहारात लोटला. मी धान कापायचं सोडून गेले ते काय राजवाडे पाहायला? माझा रोल कुठे आहे ते विचारायला गेले. तर केशवराव भाऊजी माझ्याकडे नजरच वळवेनात. सख्खे दीर माझे, भंडाऱ्याला हायस्कुलात मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या मंडळासोबत चीनला जाऊन आले. क्यामेरा नेला आमच्या ह्यांचा. परत केला तो रिकामा! रोलाचं नाव नाही.

दोरीवर चिमटे लावून फोटो टांगले होते. पेकिंगचा राजवाडा. डोंगर कोरून काढलेले बुद्ध, माणूस त्यांच्या पायाच्या अंगठ्याएवढा. ते चांगलं होतं, खोटं कायले लिहू. आम्ही बायांनी हात जोडले. मग एक तळं आणि त्यावर नागमोडी पूल. नत्थू म्हणे, "मास्तर, सरळ पूल नाई जमला का त्यायले? आमच्या एकोडीचा मिस्त्री धाडा न." सारे हसले. मग ती भिंत. डोंगरावर चढते काय, उतरते काय. भाऊजी बोलतच राहिले. मी पवनीच्या किल्ल्याचा तट पाहिला आहे, मला एवढं नवल नाही.

गोदावरीबाई म्हणाली, "मास्तर, तुमी भिंतीवर उभे आहा तो फोटो कुठी आहे?"

"तो खराब झाला," म्हणाले आणि लगेच दुसऱ्या फोटोकडे गेले.

रोल कोणता ते लिहून ठेवते. मागच्या वर्षी ह्यांनी मंडईच्या जत्रेचे फोटो काढले, थोडे बांधीत धान कापतानाचे. रोल अर्धाच झाला. पूर्ण भरल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही हा ह्यांचा हट्ट. त्यात एक फोटो मी काढलेला आहे. ह्यांचा, बांधीत. जन्मात एकदाच बटण दाबलं. "श्वास धर अन् दाब. घाई नोको करू, तुले साऱ्याचीच घाई," म्हणाले. डिसेंबरात गेले.

साऱ्या गावाचे फोटो काढले ह्यांनी. ह्यांचा घरात एक नाही! लग्नातला आहे, त्यात मिसरूडही फुटलेलं नाही. १४ डिसेंबरला वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. हार काय त्या पोराला घालू?

१७ नोव्हेंबर

धान कापलं. दिवसभर विळा चालवला.

२० नोव्हेंबर

साकोलीला गेले, गोपीचंदच्या स्टुडिओत. क्यामेरा देताना मी भाऊजींना बजावलं होतं, आतला रोल गोपीचंदकडे टाका. गोपीचंद म्हणाला, "आले होते न मास्तर. मीच रोल गुंडाळून काढून देला. धुवून ठेवू का म्हटलं, तर नाई म्हणे. वैनीच्या समोरच धुवू, चीनवरून आल्यावर. मंग नवे रोल घेतले अन् साऱ्यायच्या संगं झोल्यात टाकला."

झोल्यात! बटाटे आहेत का ते!

२३ नोव्हेंबर

पहिल्या एस्टीने भंडाऱ्याला. भाऊजी पेपर वाचत होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"माझा रोल."

"बसा तं खरं, वैनी. चहा मांड वं, सुमन."

"चहा नाई पाह्यजे. रोल पाह्यजे."

पेपराची घडी केली, उघडली, परत केली. मग बोलले. तो रोल नव्यात मिसळला. भिंतीवर गेले तेव्हा नेमका तोच भरला. ह्यांच्या फोटोंवर चीनचे फोटो चढले. "काईच कामाचं नाई उरलं, वैनी. फेकून देला."

मास्तर माणूस! पोरांना अक्कल शिकवतो! मी तोंडाला येईल ते बोलले. सासूबाईंचंही काढलं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत हे भाऊजी परीक्षांचं निमित्त करून आले नव्हते. तेव्हापासून ह्यांनी भावाशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. ह्यांच्या मातीला भाऊजी आले ते साऱ्यांच्या मागे उभे. आणि चार महिन्यांनी दारात येऊन, "दादाचा क्यामेरा नेऊ का?" मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं. का दिला कोण जाणे.

ते सारं त्यांना ऐकवलं. ते पेपराची घडी करत राहिले. सुमन, माझी धाकटी जाऊ, चहा घेऊन दारातच उभी. चहा न पिता आले. एस्टीत वाटलं, प्यायला पाहिजे होता. तिचा काय दोष!

२४ नोव्हेंबर

लग्नातला फोटो पुसून पाहिला. नाही. हे ते नव्हेच.

२७ नोव्हेंबर

पुन्हा गोपीचंद. तो म्हणाला, "फेकाचा कायले, काकू? एकावर एक आले तरी माणूस दिसते. आना तं खरं. मी बाकीचं कापून चेहरा तेवढा मोठा करून देतो. हाराले पुरते."

पण फेकलेलं कुठून आणू? भंडाऱ्याचा उकिरडा उकरू?

२ डिसेंबर

कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झाले. पाठ गेली कामातून. विहारात सांगून आले, १४ तारीख पक्की. भन्तेजींनी विचारलं, फोटो आहे ना? हो म्हणाले. खोटं बोलले, तेही विहारात!

६ डिसेंबर

बाबासाहेबांचा दिवस. सुमन एकटीच आली. विहारात माझ्या बाजूला बसली, मेणबत्ती लावली. घरी येऊन भाकरी खाल्ली आणि मग हळूच, "जाऊबाई, त्यायनं फेकला नाई."

"काय?"

"फोटो धुवून आनला आहे. बाकीचे खराब झाले, पन एक आहे. हे कपाटात ठेवते. रोज काढून पाह्यते."

"मंग देत काऊन नाई?"

"मोठा कराले देला तं गोपीचंद कापन, म्हन्ते हे."

असा राग आला! कापला तर कापला! नवरा माझा, बटण माझं, आणि कपाट भाऊजींचं? सुमनला सांगितलं, तो फोटो मला आणून दे. चोरून आण नाहीतर मागून आण. नाही तर मी स्वतः येते आणि कपाट उघडते. ती पदर खोचून उठली. शेवटच्या एस्टीने गेली.

९ डिसेंबर, मंगळवार

सुमनने आणला. पदरात गुंडाळून.

हे बांधीत उभे आहेत, हातात विळा, डोळे उन्हाने बारीक. चेहरा साफ आला आहे. माझा हात हलला नव्हता! धानातून ती भिंत वर चढत गेली आहे आणि भिंतीवर भाऊजी. कोणाकडून तरी स्वतःचा काढून घेतलेला. ह्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे. दोघं भाऊ एका फोटोत, हसून राहिले.

सुमन म्हणे, "कापला तं आमचे हे निंगून जाते न त्यातून."

मी चहा मांडला. तिला पाजला, मीही प्यायले. मग फोटो परत तिच्या पदरात बांधून दिला. सांग म्हटलं भाऊजींना, कापायचा नाही. गोपीचंदकडून असाच्या असा मोठा करून घ्या, भिंतीसकट. आणि १४ तारखेला स्वतः घेऊन या, स्वतः भिंतीवर लावा. मागे उभं राहायचं नाही. येता की नाही, शुक्रवारपर्यंत मला कळलं पाहिजे!