पिवळ्या धाग्याची जोडी

ढाणकी, ता. उमरखेड
८ जानेवारी २०२४

चि. अमर यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं. पत्र पोचलं नाही. गझालानं पाकीट फोडलं, झटकलं, खिडकीच्या उजेडात धरलं. आत कागदच नाही. वर पत्ता मात्र मोत्यासारख्या अक्षरात. मी म्हटलं, बरोबरच आहे. आजीले वाचता येत नाही, मग कायले कागद खराब करा. लहानपणी दप्तर घरी ठेवून शाळेत जात होता, तोच तू.

फोन करतो म्हणशील, तर माझे कान तुले माहीत आहेत. चाळीस वर्षं तुझ्या आबाजीच्या भाड्याच्या भोंग्यापाशी काढली. पत्राचं कसं, शेजारची ही गझाला मास्तरीण दहा वेळा वाचून दाखवते अन् दर वेळी तेवढंच हसू येते. मी बोलते तसंच ती लिहून राह्यली. मघाशी थांबून विचारते, आजी, 'गाढव' लिहू का? मी म्हटलं, एक आत्ता लिही अन् एक पुढच्या पत्राले उरव.

तुझ्या बापानं उमरखेडहून निरोप धाडला की कळंबच्या प्रेरणाशी तुझं साक्षगंध अकरा फेब्रुवारीले ठरलं. पोरगी वकील आहे म्हणतात. बरं झालं, रिकाम्या पाकिटाचा निकाल तीच लावीन.

काही मागाचंच असीन तुले, ते कागदावर लिही, अन् कागद पाकिटात घाल. दोन्ही कामं ध्यानात ठेवजो. लोभ आहेच, तो वाढवाचा का कमी कराचा, तुझ्या उत्तरावर.

तुझी आजी मथुराबाई
(निळा अंगठा)


पुणे
१४ जानेवारी २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र टेबलावरच राहिलं होतं. 'गाढव' मान्य आहे.

आबाजींचं लाऊडस्पीकरचं लहान मशीन मी तुझ्याकडून आणलं, ते दीड वर्षं माझ्या खोलीत मस्त चाललं. रोज त्यावर गाणी ऐकायचो. नव्या मशीनला नसते अशी एक ऊब त्या आवाजात आहे. गेल्या महिन्यात आतल्या दोन मोठ्या काचेच्या दिव्यांपैकी, म्हणजे व्हॉल्व्हपैकी, एक गेला. आणि मी प्रेरणाच्या घरी सगळ्यांदेखत सांगून बसलोय की साक्षगंधाला डीजे नको, माझ्या आबाजींचं मशीन वाजेल. तेव्हापासून तिचे मामा मला 'भोंगेवाले जावई' म्हणतात. मशीन वाजलं नाही तर हे नाव जन्माचं चिकटेल.

जुने व्हॉल्व्ह आता हौशी लोक सोन्याच्या भावाने घेतात. पण आबाजींच्या हिरव्या पेटीत ते आहेतच. गझालाताईंकडून एवढं बघून घे: काचेवर सोनेरी अक्षरं, नाव विलायती, आणि 'ई एल ३४' असा आकडा. जाणकार म्हणतात विलायतीच घ्यावेत, आवाज मधाळ येतो. असे दोन सापडले की कुरियरने पाठव.

गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावर राग धरू नकोस ही विनंती.

तुझा अमर


ढाणकी
२१ जानेवारी २०२४

चि. अमर यास,
अ. उ. आ.

या वेळी पाकिटात कागद होता. गझालाले मी साखर दिली.

हिरवी पेटी उघडली. गझालानं चष्मा लावून एक एक दिवा पाह्यला. एकाही दिव्यावर अक्षर नाही. राहीन कसं? दर दिवाळीले मी ते राखेनं घासून चकचकीत करत होती. तुझे आबाजी पाह्यल्याबरोबर डोक्याले हात लावून खाली बसले. लिहिलेलं गेलं म्हणे. मी म्हटलं, मले तर ते आधीही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून रंगीत धागे घेऊन आले. जे दोन दिवे एकमेकांसोबत सारखे चालतात, त्यांच्या बुडाले एका रंगाचा धागा. कार्यक्रमात ते खांबावर भोंगा बांधत असले, की खाली मशीनचे दिवे मी बदलत होती, धागा पाहून. आता त्या पेटीपाशी तू अन् मी सारखेच शिकलेले.

तुझे जाणकार नाव वाचून माल घेतात. माझ्याकडून ऐक, फुकट आहे. काचेच्या माथ्यावर आतून चांदी असते. ती चांदी दुधासारखी पांढरी झाली म्हणजे आत हवा शिरली, दिवा मेला. कानापाशी हळूच हलव. खुळखुळला, तोही गेला. बुडाचे आठ पाय सरळ पाहिजेत. अन् एकटा घेऊ नको, सोबत वापरलेली जोडी घे. साक्षगंध करणाऱ्याले हे मले सांगावं लागते. मग तो विलायतचा असो का आपल्याकडचा, गाणं म्हणणाऱ्याचं गाव कोणी विचारत नाही.

अन् आवाजात ऊब आहे म्हणतो. असीनच. त्या मशीनवर मी तुझ्या बापाचे लंगोट वाळवत होती.

कुरियरनं काही धाडत नाही. मागच्या खेपेले लोणच्याची बरणी धाडली, तर तुले काचेचं लोणचं भेटलं. पाहिजे असतील तर येऊन ने. मशीन नेलं तेव्हाच तुझं तोंड शेवटचं पाह्यलं. तेही मशीनकडेच होतं.

तुझी आजी मथुराबाई
(निळा अंगठा)


पुणे
२९ जानेवारी २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच मी शहाणपणा करून बसलो. इंटरनेटवर एकाकडून सोनेरी अक्षरांची विलायती जोडी मागवली. साक्षगंधाच्या कपड्यांचे पैसे त्यात गेले. खोका जुना, पिवळा पडलेला, अगदी खरा. तुझ्या पत्रानंतर माथ्यावरची चांदी बघायला एक हातात धरला, तर सोनेरी अक्षरं माझ्या अंगठ्याला आली. तरीही लावून बघितले. एक लालबुंद झाला, दुसरा पेटलाच नाही, आणि मशीन कुत्र्यासारखं गुरगुरलं. विकणारा आता फोन उचलत नाही.

प्रेरणाला सांगितलं. आधी पोटभर हसली, मग म्हणाली की दीड वर्ष गेला नाहीस, वर यादी धाडलीस; तुझ्या आजीच्या जागी मी असते तर रिकामा खोकाच पाठवला असता.

कितीही जुळवलं तरी नऊ तारखेच्या आधी सुट्टी मिळत नाही, आणि तेव्हा थेट कळंब गाठावं लागेल. चूक माझी आहे. कोणत्याही धाग्याची जोडी दे. अक्षर नको, नाव नको. हवं तितकं रागव, पण दे.

तुझा अमर


ढाणकी
६ फेब्रुवारी २०२४

चि. अमर यास,
अ. उ. आ.

सोनेरी अक्षर अंगठ्याले आलं म्हणतो. मी पत्राखाली अंगठा टेकवते, तो निळा होते. तुझा सोनेरी झाला. शिकलेल्या माणसाचा अंगठा महाग असते.

आधी निळ्या धाग्याची जोडी काढली. भाड्याच्या कामाची आहे, धडधाकट आहे. डब्यात ठेवली अन् पुन्हा काढली. मग पिवळी काढली. ही जोडी तुझ्या आबाजीनं भाड्यानं कधी लावली नाही. हळदीत भिजवलेला धागा आहे तिचा. तुझ्या आत्याचं लग्न, तुझ्या बापाचं लग्न, तुझं बारसं, एवढ्याच वेळा पेटली. आबाजी गेल्यावर मी तिचा धागा सोडला नाही. जोडी पेटीत आहे तोवर घरात एक कार्य बाकी आहे, असं वाटत होतं.

गझाला पेन थांबवून माझ्याकडे पाहून राह्यली. तिले म्हटलं, पुढं लिही.

मले एस.टी.त चढवाले दोन माणसं अन् उतरवाले चार लागतात, म्हणून मी येत नाही. गझालाचा नवरा मोईन जीप घेऊन यवतमाळले चालला, तो कळंबपर्यंत येऊन तुझ्या हातात हे पत्र अन् डबा देईन. स्टीलचा डबा आहे, आत आपल्या वावरातला कापूस. धागे सोडून मशीनच्या कडीले बांध. काच तापते, धागा जळून जाईन. बुडाची खाच पाहून बसव, जोर लावू नको. मग पाच मिनिटं कोणी काही म्हटलं तरी गप बस. हे तुले सगळ्यात जड जाईन.

तुझी आजी मथुराबाई
(निळा अंगठा)


कळंब
१३ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

वाजलं.

मंडपात सगळे बसलेले, मामा हाताची घडी घालून अगदी समोर. मी बटण दाबलं आणि गप्प बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं. मामांनी विचारलंच, "जावईबापू, भोंगा झोपला का?" मी तरी गप्प. मग काचेत नारिंगी उजेड धरला, आणि प्रेरणाने माझ्या हातातून माइक घेतला. म्हणाली, "ढाणकीच्या मथुराबाईंना कळंबहून नमस्कार." अख्ख्या गल्लीत ऐकू गेलं. त्यानंतर मामांनी माइक धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. पाहुण्यांना चहाला बोलवायलासुद्धा त्यांनाच हवा होता.

एक कबुली. गडबडीत धागे कडीला बांधायचे मी विसरलो. बऱ्याच वेळाने शोधले तर दोन्ही प्रेरणाच्या मनगटाला. मागितले तर देत नाही. म्हणते, कागदपत्रं नसलेल्या मालावर ज्याचा ताबा त्याचा माल.

डबा माझ्याजवळ आहे. जोडी कशी परत पाठवू ते कळव.

तुझा अमर


ढाणकी
२० फेब्रुवारी २०२४

चि. अमर यास,
अ. उ. आ.

मोईन साक्षगंधाले थांबला होता, त्यानं तिथून गझालाले फोन लावला. नमस्कार-बिमस्कार मले काही ऐकू आला नाही, ते गझालानं सांगितलं. मले नुसती गुणगुण आली, बोलण्याच्या आधीची, मशीन तापते तेव्हाची. तेवढ्यानं ओळखलं की पिवळीच आहे. फोन कानाले धरून बसली होती, मोईनचे पैसे संपेपर्यंत.

मी सांगितलेलं तू विसरशील हे माहीत होतं. ते त्या पोरीनं हातात बांधून घेतलं, हे बरं झालं. धागा तिच्यापाशी आहे तर जोडी तिची. परत धाडू नको. दिवाळीले राखेनं घासली तरी चालते म्हणा, पुसाले आता काही राह्यलं नाही. निळी जोडीही तिच्याच नावानं काढून ठेवली आहे, पण ती न्याले यावं लागीन.

डबा मात्र माझा. रिकामं पाकीट मी पोटात घातलं, रिकामा डबा घालणार नाही. अन् साक्षगंधात आलेली सोनपापडी त्यात भरून इकडे ढकलू नको, ती ओळखू येते. प्रेरणाच्या आईले म्हणा, मुगाचे लाडू करा, तूप सढळ घाला, अन् मऊ वळा, मले वरचे दात नाहीत. डबा गळ्यापर्यंत भरून दोघं मिळून घेऊन या.

तुझी आजी मथुराबाई
(निळा अंगठा)