फ्रीजमधला सिनेमा

बुसैतीन, बहारीन
२ जुलै

ती. वन्संना,
सा. न.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून तेच आधी लिहिलं. पत्र बाळाजींबरोबर पाठवतेय. ते ह्यांच्या ऑफिसातले, सुट्टीवर पुण्याला निघालेत.

तुमच्या जयेशचा जुन्या सिनेमांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. मार्चमध्ये मनामाच्या जुन्या बाजारात ह्यांना पत्र्याचा डबा मिळाला. आत युद्धाच्या काळातल्या एका फिनलंडच्या सिनेमाची रिळं. दोघे भाऊ गोठलेल्या तळ्यावरून औषधं घेऊन पळतात म्हणे. म्हणे, कारण आज तो पाहिलेला माणूसच सापडत नाही. आणि न पाहिलेल्या सिनेमासाठी जगभरचे संग्राहक वेडे झालेत बघा! ओसाकाहून फोन, हेलसिंकीहून फोन. ऑफिसात ह्यांच्या हाताखालची पोरं बॉस झाली, आणि इथे हे लोक 'सर, सर' करतात. ह्यांचा चेहरा असा खुलतो की मला काही बोलवत नाही.

पण त्या वेळची फिल्म पेट घेते. सडायला लागली की नुसत्या उकाड्यानेसुद्धा, आणि पेटली की पाण्याने विझत नाही. हे हेलसिंकीच्याच माणसाने सांगितलं. म्हणून डबा फ्रीजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी. मागच्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. हे ऑफिसातून धावत आले आणि आधी फ्रीज उघडला. स्पृहा तापाने पडली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आय ॲम हिअर."

पत्त्यावर आमच्या घरच्या जुफैरऐवजी बुसैतीन का, ते आता कळलं असेल. त्याच दिवशी मी पोरीला घेऊन मैत्रिणीकडे, नूरबानोकडे आले. डबा हेलसिंकीच्या संग्रहालयाला देऊन टाका म्हटलं, तर हे म्हणाले, "दिला की खलास. मग मला कोण विचारणार?" मी आहे ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण रागात होते, राहून गेलं.

वन्सं, माझा डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर आतिकाचं तान्हं बाळ आहे. पत्र देऊन झालं की मी अग्निशमनवाल्यांना कळवणार. डबा जाईल, कदाचित ह्यांचा व्हिसाही जाईल. म्हणून स्पृहालाही बाळाजींबरोबर पाठवतेय. ताप उतरलाय. तिला ठेवून घ्या.

ते लोक येतील तेव्हा मी जुफैरला ह्यांच्याजवळ असेन. कुणी कळवलं असं विचारलं, तर मीच म्हणून सांगेन. त्यानंतर तुम्ही ह्यांना फोन करा. रागावू नका. त्या दोघा भावांचं पुढे काय झालं, ते विचारा. सगळं सांगू द्या त्यांना.

तुमची, आणि अजून तरी ह्यांची,
सुरेखा