न लागणाऱ्या फायली

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार
कंप्युटर भरला म्हणे! वीस मेगाबाइट म्हणून केवढा गाजावाजा, आणि वर्षात फुल. पगारबिलं अडकली. साहेब म्हणाले, न लागणारे प्रोग्राम काढून टाका. कुणाला म्हणाले? चंद्रप्रकाशला! घाटकोपरला सहा महिने क्लास केलेलं पोरगं. मी बावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय, हेडक्लार्क आहे. त्याला एसी केबिन, मला रेकॉर्डरूमचा पंखा. मी जळत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी, बुधवार
त्याची पद्धत ऐकली. आधी फ्लॉपीवर कॉपी. मग फाईल दुसरीकडे हलवायची आणि महिनाभर बघायचं, तिच्यावाचून काही अडतंय का. नाही अडलं, तरच उडवायची. महिना! टाइपिस्ट लता म्हणाली, किती हुशार ना? वर हा पोरगा मला काका म्हणतो. जेमतेम एकोणीस वर्षांनी मोठा मी. जानकी म्हणते, जळू नका, पित्त वाढतं. बायकोसुद्धा त्याच्याच बाजूची.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
ठरलं. कंप्युटर इन-चार्ज मीच होणार. चंद्रप्रकाश बहिणीच्या लग्नाला मालवणला. साहेबांना म्हटलं, रद्दी काढण्यात हयात गेली माझी, उद्या दुपारपर्यंत साफ करतो. किल्ली मिळाली.

६ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १२
चपला बाहेर काढून आत गेलो. गारवा झकास. रेकॉर्डरूमचा नियम लावला: जुनी तारीख आधी रद्दीत. फायलींपुढे तारखा असतातच. 'कमांड' नावाची एक, ८५ सालची, मशीन येण्याच्याही आधीची. लताला विचारलं, कधी लागली का गं? ती म्हणाली, नावही ऐकलं नाही. उडवली. त्याच सालच्या आणखी अकरा फायलीही.

दुपारी १
कुणाचं काही अडलं नाही. महिना म्हणे! मशीन बंद करून नमस्कार केला.

८ फेब्रुवारी, सोमवार
वाट लागली. मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, 'कमांड' सापडत नाही अशी काहीतरी, पुढे ढिम्म. साहेब ओरडले, काय केलंत? म्हटलं, एसीचा गारठा बाधला असेल.

१० फेब्रुवारी, बुधवार
चंद्रप्रकाश आला. लग्नाचे लाडू वाटले, फ्लॉपी घातली, दहा मिनिटांत मशीन सुरू. साहेबांना म्हणाला, काकांना रागावू नका, होतं असं. एवढा चांगुलपणा! डाव आहे मेल्याचा. संतापाने लाडू गोड लागेना. दोनच खाल्ले.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांना माझी किंमत कळली! सोमवारपासून माहुलचं गोडाऊन माझ्याकडे. महिनाभर तिकडे बसा म्हणाले, बघू इथे काही अडतंय का. अडेल ना! सगळं अडेल! चंद्रप्रकाशला बजावलं, दोन दिवसांत रडत फोन करशील. तो म्हणाला, तब्येत सांभाळा काका.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
टेबल फोनजवळ ओढून घेतलं. फोन नाही. लाजत असतील.

१४ मार्च, सोमवार
महिना झाला. फोन बिघडलेला नाही, दोनदा उचलून पाहिला. शेवटी मीच लावला. लताने उचलला. विचारलं, माझ्यावाचून काही अडलंय का गं?
ती म्हणाली, अगंबाई, काका! रजेवर आहात का?